पाठमावशी आणि थेंब

हॉस्पिटलात सगळे तिला पाठमावशी म्हणत. खरं नाव हजेरीच्या कागदावर होतं, तिथून ते कधी बाहेर आलं नाही. एकोणीस वर्षं तिचं काम एकच. सिझेरियनला आलेल्या बाईला टेबलाच्या कडेला बसवायचं, तिचं डोकं आपल्या खांद्यावर घ्यायचं, तिच्या पाठीची कमान करायची, आणि मागून डॉक्टरांची सुई कण्यात जाऊन बाहेर येईपर्यंत तिला तसूभरही हलू द्यायचं नाही.

ऐकायला सोपं वाटतं. पण पुढे नऊ महिन्यांचं पोट, पाय अधांतरी, पाठीमागे सुई घेऊन उभा असलेला परका माणूस, आणि वरून कळा. अशी बाई म्हणजे पाण्याबाहेर काढलेली मासोळी. आवळून धराल तितकी ती उसळते. मावशी तिला धरायची ती लेकीला न्हाऊ घालताना धरावं तशी, आणि तोंड अखंड चालू.

"कंबर मागे ढकल गं. मांजर रागावली की कशी पाठ करते? तशी."

"मावशी, मी मरते आता."

"मर की, पण दोन मिनिटांनी. आत्ता डॉक्टरांना घाई आहे. सासूला आठव, आपोआप वाकशील."

त्या अवस्थेतही बाई फिसकन हसायची. हसून झालं की माणूस सैल पडतो. मावशी त्या क्षणावर टपलेली असायची. ती मान हलवायची, आणि भूल देणारे डॉक्टर नेमकी तेव्हा सुई पुढे सरकवायचे.

"मावशी, तुमचे विनोद शिळे झाले," ते म्हणायचे.

"विनोद शिळा असू दे, पेशंट ताजी आहे ना साहेब?"

डॉक्टर उंच होते, जरा पोक काढून चालायचे आणि हात धुताना गुणगुणायचे. त्या दोघांची जोडी अशी जमली होती, की एकाने नजर उचलली की दुसऱ्याला पुढचं कळे.

या डॉक्टरांनीच हॉस्पिटलात 'थेंब' आणला. पाठीतल्या भुलेने कमरेखालचं अंग बधिर होतं, पोट कापलं तरी बाईला कळत नाही. पण ती भूल तीन-चार तासांत उतरते आणि मग टाक्यांचं दुखणं वसुलीला आल्यासारखं दारात उभं राहतं. डॉक्टर काय करायचे, तर भुलेच्या सिरिंजमध्येच आणखी एका बारीक सिरिंजने अफूच्या घराण्यातल्या एका औषधाचा थेंब घालायचे. खरोखर थेंबच, डोळ्यांतही सहज मावेल एवढा. पण त्या थेंबाने दुखणं दुसऱ्या सकाळपर्यंत उंबऱ्याबाहेर थांबायचं. ज्या बाया पूर्वी फळीसारख्या ताठ पडून राहायच्या, त्या दुपारी कुशीवर वळून बाळाला पाजू लागल्या. संध्याकाळी आधार घेऊन मोरीपर्यंत चालू लागल्या. पहिल्या आठवड्यात मावशी मुद्दाम वॉर्डात जाऊन बघून आली. आठही खाटांवर बाया बोलत होत्या. आयुष्यात पहिल्यांदा तिने बाळंतिणींच्या वॉर्डात गप्पांचा कलकलाट ऐकला.

थेंबाच्या दोन खोडी होत्या. एक म्हणजे खाज. नाक, गाल, छाती, कुठेही. "नाक खाजवलं की समजायचं, थेंब लागला," मावशी सांगायची. दुसरी खोड मात्र चेष्टेची नव्हती. हजारांत एखादीचा श्वास तो मंद करतो. म्हणून दर तासाला श्वास मोजायचे, आणि दिवसभर वरून दुसरं कुठलंही झोपेचं किंवा दुखण्याचं जबर इंजेक्शन द्यायचं नाही. दोन्हींनी मिळून श्वासच निजायचा.

आता वॉर्डातल्या सिस्टरला कळावं कसं, की थेंब कुणाला दिलाय? केसपेपर कुठेतरी उशीखाली असतो, सिस्टर तीन वेळा बदलते. युक्ती मावशीनेच काढली. पांढऱ्या चिकटपट्टीवर लाल पेनाने एक थेंब काढायचा आणि ती पट्टी बाईच्या मनगटाला गुंडाळायची. मनगट बघा, मग सुई भरा. एका बैठकीत डॉक्टरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "ही कल्पना मावशींची." मावशी दारात उभी होती. तिने पदराने तोंड झाकलं, पण घरी जाऊन मुलीला ते वाक्य चार वेळा ऐकवलं. घरात त्या दोघीच. मुलगी तेव्हा लग्नाची होती.

मग ती शिवणकाम करणारी बाई आली.

सकाळी आठला तिचं ऑपरेशन झालं, मुलगी झाली, सगळं सुरळीत. दुपारी एकच्या सुमारास श्वास मोजायला मावशी तिच्या खाटेपाशी गेली, तर बाई नुसती ओरबाडत होती.

"मावशी, या पट्टीखाली आग झालीय. काढा ना हो."

"काढायची नसते. पुन्हा मागू नको."

"बघा तरी, रक्त आलंय." खरंच, पट्टीच्या कडेने तिने कातडी सोलली होती. "दिवसभर सुया टोचून घेते मी बोटांत, कधी हूं की चूं केलं नाही. पण ही खाज… तुम्हाला लेकीची शपथ."

दुसऱ्या हाताला सलाईन होतं. मावशीने इकडेतिकडे पाहिलं. आपण इथेच तर बसलोय, तिने स्वतःशी म्हटलं, जरा वारा लागू दे, पाच मिनिटांत नवी बांधू. तिने पट्टी काढली, सोललेल्या जागी गार पाण्याचा बोळा फिरवला, आणि पट्टीची गुंडाळी करून एप्रनच्या खिशात टाकली. शिंपीण डोळे मिटून म्हणाली, "देव तुमचं भलं करो."

पाच मिनिटं व्हायच्या आत थिएटरमधून हाक आली. बाळाचे ठोके पडलेली एक बाई थेट स्ट्रेचरवरून आणली होती आणि ती कुणाला हात लावू देईना. "पाठमावशी कुठाय? मावशीला बोलवा!" मावशी धावली. हाक आली की धावायचं, हे एकोणीस वर्षांत पायांनाच ठाऊक झालं होतं.

दोनला पाळी बदलली. दुपारची सिस्टर नवी होती, पण कामात चोख. शिंपीण अंग खाजवत होती, पोटात ओढतंय म्हणत होती. सिस्टरने नियमाप्रमाणे आधी मनगट पाहिलं. मनगट मोकळं. मोकळ्या मनगटाला जी इंजेक्शनं द्यायची, ती दोन्ही तिने दिली, एक दुखण्याचं आणि एक खाजेचं, ज्याने झोपही येते.

मावशी पावणेतीनला परत आली. शिंपिणीची मुलगी कुशीत रडत होती आणि शिंपीण उठत नव्हती. एवढंच पुरे होतं. मावशीने तिच्या पोटावर हात ठेवला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. एका मिनिटात सहा. सहावा श्वास तर इतका उशिरा आला, की मावशी तोवर ओरडली होती.

डॉक्टर धावत आले. तोंडावर मास्क, हाताने फुगा दाबणं, मग उताऱ्याचं इंजेक्शन. बाईचे ओठ पुन्हा माणसाच्या रंगाचे झाले. ती वाचली. पण उतारा थेंबालाही धुऊन नेतो. टाक्यांचं सगळं दुखणं एकदम, एका क्षणात तिच्यावर कोसळलं, आणि ती अशी किंचाळली की खालच्या मजल्यावरचे लोक जिन्यात येऊन उभे राहिले. मावशी तिचा हात धरून बसली. त्याच हाताला पट्टी नव्हती.

चौकशी तिसऱ्या दिवशी झाली. मेट्रन, दोन मोठे डॉक्टर, एक लिहिणारा. सिस्टरने रडत सांगितलं, की मनगटाला काही नव्हतं. मग मावशीला आत घेतलं.

"पट्टी बांधली होती?"

"बांधली होती."

"मग गेली कुठे?"

मावशी तात्पुरत्या यादीत होती. चार महिन्यांनी तिचं नाव कायमच्या यादीत जायचं होतं, आणि त्याच महिन्यात मुलीचं लग्न. काढलेली पट्टी अजून एप्रनच्या खिशात होती. त्याच एप्रनमध्ये ती आत गेली होती. खिशात हात घालायला किती वेळ लागतो?

"निघाली असेल," ती म्हणाली.

लिहिणाऱ्याने लिहिलं. मावशीने सही केली, आणि बाहेर येऊन ती गुंडाळी मोरीत टाकली.

आता न्याय बघा. सिस्टरला समज देऊन सोडलं, कारण मनगट खरंच मोकळं होतं. मावशीवर ठपका आला नाही, कारण तिने पट्टी बांधली होती. मग गुन्हेगार कोण उरला? थेंब. चिकटपट्ट्या निघतात, त्यांच्यावर भरवसा ठेवता येत नाही, सबब हे औषध या हॉस्पिटलात वापरू नये. डॉक्टर त्या खोलीत तासभर भांडले. बाहेर पडल्यावर त्यांनी मावशीला बाजूला घेतलं.

"मावशी, पट्टी नीट बसली होती ना? तुमचा हात असा कच्चा नाही."

"घामाने सुटली असेल साहेब."

त्यांनी मान हलवली. त्यांनी विश्वास ठेवला होता, हे मावशीला दिसलं.

चार महिन्यांनी ती कायमची नोकर झाली, आणि पुढची दोन वर्षं वॉर्डात जायचं टाळत राहिली. पण थिएटर आणि वॉर्ड यांच्यामध्ये एकच भिंत होती. सकाळी दहाला ऑपरेशन झालं की दुपारी दोनच्या सुमारास भिंतीपलीकडून आवाज सुरू होई. रडणं नव्हे, ते तर बाळं करायची. खोकला आला की बाई तोंडात चादर कोंबते, त्याचा आवाज. कूस बदलायला तीन जणी लागत, त्या एक-दोन-तीन मोजून उचलत, त्याचा. डॉक्टरांनी दुसरी एकदोन औषधं घालून पाहिली, पण ती भुलेबरोबरच विरून जात. त्यांनी वरच्या कचेरीला चार पत्रं लिहिली. प्रत्येकाला उत्तर एकच, की पूर्वी घडलेल्या घटनेमुळे परवानगी देता येत नाही. हात धुताना ते आता गुणगुणत नसत. मावशीचे विनोद चालू होते, पाठी वाकत होत्या, पण सुई बाहेर आली की तिला त्या बाईच्या तोंडाकडे बघवेना. आत्ता हसतेय, दोनला कळेल.

बोलू का, असं तिला दर आठवड्याला वाटे. लग्न पार पडू दे, मग बोलू. लग्न पार पडलं. दिवाणखान्यातला जावयाचा हसरा फोटो बघून वाटे, आता काय बिघडतंय? मग वाटे, डॉक्टरांना कुठल्या तोंडाने सांगू? चूक एका मिनिटाची होती. ती लपवल्याला सहा महिने झाले, मग वर्ष, मग दीड. चुकीपेक्षा लपवणं मोठं होत गेलं, आणि मोठं झालेलं पोर उचलून घेता येत नाही.

आणि मग मुलगी बाळंतपणाला आली. बाळ पोटात आडवं होतं. सिझेरियन ठरलं, सोमवारी सकाळी. दुसरं हॉस्पिटल अर्ध्या दिवसाच्या वाटेवर.

"आई, मला भीती नाही वाटत," मुलगी कपडे घडी करताना म्हणाली. "तूच धरणार ना मला? आणि तुमचा तो थेंब आहेच. तू केवढं कौतुक सांगायचीस त्याचं."

मावशीने कपड्यांची घडी मोडली आणि पुन्हा घातली.

गुरुवारी ऑपरेशनं संपल्यावर ती डॉक्टरांपाशी गेली. ते टोपी काढत होते. तिने उभ्याउभ्या सगळं सांगितलं. शिंपीण, खाज, खिसा, मोरी. एकही शब्द इकडचा तिकडे केला नाही. डॉक्टर बराच वेळ टोपीची नाडी बोटाला गुंडाळत राहिले.

"दोन वर्षं," ते शेवटी म्हणाले. "मी चार पत्रं लिहिली. प्रत्येक पत्राच्या वेळी तुम्ही समोर होतात."

"होते."

"आठवड्याला दहा-बारा बाया, मावशी."

ते ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं. त्यांनी हात पुसले आणि म्हणाले, "चला. आत्ताच्या आत्ता वर जाऊ. तुम्ही हेच, असंच सांगायचं."

वरच्या कचेरीतले मोठे साहेब नवे होते. चौकशीच्या वेळी ते इथे नव्हतेच. त्यांनी फाइल मागवली, चष्मा लावला, वाचलं.

"'पट्टी बांधली होती. निघाली असेल.' खाली सही तुमची?"

"माझीच."

"आणि आज म्हणता, मी काढली."

"हो साहेब. मीच काढली. औषधाचा दोष नव्हता, पट्टीचाही नव्हता. काय शिक्षा द्यायची ती द्या, पण ते औषध चालू करा."

"हे दोन वर्षांनी आठवलं?"

"आठवत तर रोज होतं. सांगायची छाती नव्हती."

साहेबांनी चष्मा काढला. "मुलगी दाखल होतेय ना तुमची? मेट्रन म्हणत होत्या."

डॉक्टर मध्ये पडले. "सर, त्याचा याच्याशी काही—"

"तारीख कधीची?"

"सोमवारची," मावशी म्हणाली.

साहेबांनी फाइल मिटली. माणूस वाईट नव्हता. त्याने मावशीपुढे पाण्याचा ग्लास सरकवला, आवाज खाली आणला. "बसा. आई आहात, मला कळतं. तुमच्या जागी मीही असंच काहीतरी रचलं असतं. पण लेकीचं दुखू नये म्हणून नोकरी पणाला लावून स्वतःवर आळ घ्यायचा, आणि त्यावर मी नियम बदलायचा? उद्या काही झालं तर?"

"रचलेलं नाही हो साहेब! देवाशप्पथ!"

"हे मी फाइलमध्ये लिहीत नाही. लिहिलं तर तुमचीच नोकरी जाईल. जा, घरी जा, मुलीकडे बघा."

जिन्यात डॉक्टर दोन पायऱ्या पुढे होते. मावशीने मागून विचारलं, "तुम्हाला तरी खरं वाटतं ना?"

"मला वाटतं," ते न वळता म्हणाले. "म्हणून तर जास्त त्रास होतोय."

"सोमवारी… नियम बाजूला ठेवून…"

"माझ्या कपाटात ती बाटलीच नाही, मावशी. साठा दोन वर्षांपूर्वीच बंद झाला."

सोमवारी मावशीने आपल्या मुलीला धरलं. डोकं खांद्यावर आलं, तेलाचा ओळखीचा वास आला, आणि विनोद काही सुचेना. शेवटी मुलगीच कानाशी कुजबुजली, "आई, सासूला आठवू का?" आणि स्वतःच हसली, आणि सैल पडली. मावशीने मान हलवली. सुई गेली. सिरिंज एकच होती.

मुलगा झाला. दोन वाजता पायांना मुंग्या आल्या, सव्वादोनला मुलीने विचारलं की पोटावर कुणी काही ठेवलंय का, आणि अडीचला तिने बोलणं बंद केलं. सलाईनमधून साधं दुखण्याचं औषध चालू होतं. वणव्यावर चूळ टाकावी तसं. आईच्या हॉस्पिटलात आईची मान खाली जाऊ नये म्हणून ती ओरडत नव्हती; श्वास आखडून छताकडे बघत होती आणि कानशिलांवरून पाणी वाहत होतं. बाळ रडलं की त्याच्याकडे वळायला जाई, आणि अर्ध्यातच तिचा चेहरा पांढरा पडे.

"आई, तो थेंब… दिला नाही का?"

मावशीने तिचा हात दोन्ही हातांत घेतला. वॉर्डात सात बाया होत्या, सिस्टर होती, नातेवाईक होते. तिने आवाज लपवला नाही.

"नाही दिला. बंद झालाय. माझ्यामुळे. मी एका बाईची पट्टी काढली, ती मरता मरता वाचली, आणि मी खोटं बोलले. या सगळ्या जणी माझ्यामुळे अशा पडल्यात. तूही."

मुलीने मान हळूच तिच्याकडे वळवली. त्या दुखण्यातही तिच्या डोळ्यांत माया आली, आणि मावशीला तीच सोसवेना.

"तुझी खोडच आहे ही," मुलगी तुटक तुटक म्हणाली. "कुणाचं काही दुखलं की… स्वतःवर घ्यायचं. लहानपणी मी पडले तरी… म्हणायचीस, माझंच लक्ष नव्हतं. जाऊ दे ना आई. औषध नसतं कधीकधी."

"अगं, खरं सांगतेय मी!"

"बरं बरं," मुलीने डोळे मिटले. "त्याला जरा जवळ दे. मला वळता येत नाही."

पलीकडच्या खाटेवरची बाई कण्हत म्हणाली, "मावशी, इकडची झाली की मलाही जरा कुशीवर करा हो. तुमचा हात हलका आहे."

मावशीने नातवाला उचललं, लेकीच्या छातीशी धरलं, आणि तो पिईपर्यंत वाकून तशीच उभी राहिली. मग ती पलीकडच्या खाटेकडे गेली.